हरायची सोय

जिंतूर–मंठा रस्त्यावर, चारठाण्याच्या आसपास, दुसऱ्या नंबरचा मोटारसायकलवाला आजवर कुणाला सापडलेला नाही. पहिल्या नंबरचे मात्र वाट्टेल तेवढे. चहाच्या हॉटेलात चार पोरं बसली असतील तर तिथं चार पहिले नंबर असतात, आणि पाचवा येऊन टेकला की पाच होतात; आधीच्या कुणाचा नंबर त्यामुळं खाली सरकत नाही. ‘‘जिंतुरातून निघताना तंबाखू मळायला घेतली, आन् हितं उतरल्यावर तोंडात टाकली,’’ असं एक जण सांगतो. मोटारसायकल चालवताना तंबाखू कुठल्या हातानं मळली, हे कुणी विचारत नाही, कारण विचारू शकेल अशा प्रत्येकाला लगेच आपला विक्रम सांगायचा असतो. विक्रमाला साक्षीदार म्हणून मागं बसलेला मित्र हजर असतो, पण त्याचे डोळे वाऱ्यानं किंवा भीतीनं वाटभर मिटलेले. राहिला तो, ज्याला मागं टाकलं. तो बिचारा दुधाची किटली हँडलला अडकवून डेअरीकडं निघालेला असतो. आपण एका शर्यतीत होतो आणि ती हरलो, याचा त्याला पत्ताही नसतो.

यात पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. चूक व्यवस्थेची आहे. शर्यत म्हटली की सुरू कुठं झाली, संपली कुठं आणि मधे किती वेळ लागला, एवढ्या तीन गोष्टी तरी लागतात. रस्त्यावर यातली एकही नसते. सुरुवात ज्याची त्याची खाजगी, शेवट म्हणजे जिथं आपण पुढं असू ती जागा, आणि वेळ सांगणारा स्वतः स्पर्धक. अशा शर्यतीत माणूस हरणार तरी कसा? मोटारसायकलींच्या क्लब पातळीवरच्या शर्यतीकडं मी या बाजूनं बघतो. लोक समजतात की शनिवार-रविवार खर्चून, कातड्याचा सूट घालून, गोल फिरणाऱ्या रस्त्यावर गाडी पळवणारा हौशी माणूस वेगाच्या नादानं तिथं जातो. वेग तर त्याला गावातही होता, आणि फुकट होता. गावात नव्हती ती हरायची सोय. नियमानं, सर्वांदेखत, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून हरवून घ्यायचं असेल तर घरापासून हजार किलोमीटर लांब जावं लागतं. हौशी रेसर तेवढ्यासाठी जातो, असं माझं म्हणणं आहे. त्याला स्वतःला हे माहीत नसतं, ही गोष्ट वेगळी.

हजार किलोमीटर हा आकडा अलंकार म्हणून घातलेला नाही. डांबरी ट्रॅकवरच्या राष्ट्रीय पातळीच्या शर्यती मुख्यतः होतात त्या चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला आणि कोईमतूरजवळ. पहिला ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. हा क्लब १९५३ सालचा आणि ट्रॅक ३.७ किलोमीटरचा. कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवे त्याहून आखूड, २.१ किलोमीटरचा. दिल्लीच्या अंगाला ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट आहे, तो २०११ मध्ये फॉर्म्युला वनसाठी बांधला. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, म्हणजे दुचाक्या मराठवाड्यात तयार होतात आणि त्या किती पळतात हे बघायला तमिळनाडू गाठावं लागतं. आता चारठाण्याहून एखाद्यानं निघायचं ठरवलं, तर हिशोब असा. स्वतःची गाडी न्यायची असेल तर ती छोटा हत्तीत आडव्या-उभ्या दोरांनी बांधायची, आणि एक रात्र व एक दिवस रस्त्यावर काढायचा. त्याआधी मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलमध्ये शिकायचं, मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाचा परवाना काढायचा आणि नवशिक्यांच्या गटात नाव घालायचं. शुक्रवारी सराव, शनिवारी पात्रता फेरी आणि पहिली शर्यत, रविवारी दुसरी. नवशिक्यांची शर्यत पाच-सहा फेऱ्यांची. चेन्नईच्या ट्रॅकवर लहान गाडीला एका फेरीला साधारण दोन मिनिटं लागतात, म्हणजे अख्खी शर्यत बारा मिनिटांत आटोपते. पात्रता फेरी धरून, दोन्ही शर्यती धरून, घड्याळ चालू असताना गाडीवर बसण्याचा एकूण वेळ तासाच्या आत. उरलेला काळ माणूस काय करतो? रांगेत उभा राहतो. एवढा वेळ तर जिंतूरच्या तहसीलीतही लागत नाही, असं कुणी म्हणेल. मला ते पटणार नाही, पण स्पर्धा चुरशीची होईल.

या रांगांमधली सगळ्यात बघण्यासारखी रांग गाडीतपासणीची. तिला तिथं स्क्रुटिनी म्हणतात. एक गंभीर चेहऱ्याचा माणूस गाडीपुढं उकिडवा बसतो. साखळी बोटानं वरखाली करतो, पुढचं चाक धरून आडवं हलवून बघतो, ब्रेकचा दांडा दाबतो, अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडतो आणि तो आपोआप मागं फिरतो की नाही ते पाहतो. हेल्मेट उलटं करून आतलं लेबल वाचतो, हनुवटीखालचा पट्टा ओढतो. आरसे, इंडिकेटर, स्टँड, नंबरप्लेट हे सगळं आधीच काढून ठेवायचं असतं. (त्या दृष्टीनं आपल्या भागातल्या निम्म्या गाड्या स्क्रुटिनीची अर्धी तयारी करूनच फिरत असतात.) मग तो इंजिनच्या पोटाखाली मान घालतो. तिथं ऑइल सोडायचा बोल्ट असतो. त्या बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून त्यातून पोलादी तार ओवलेली, पीळ देऊन जवळच्या भागाला बांधलेली लागते. हादऱ्यानं बोल्ट सैल झालाच तर तारेनं तो अडून राहावा. तार नसली तर गाडी परत. हजार किलोमीटर आलात, घरच्यांशी भांडून आलात, याचं त्या माणसाला काही नसतं. आणि त्याचं बरोबर असतं, कारण वळणावर वाटीभर ऑइल सांडलं तर ज्याचं सांडलं तो पुढं निघून जातो आणि पडतात ते मागचे. तपासणीचा बराचसा भाग हा असा मागून येणाऱ्याच्या काळजीचा आहे. वेगाच्या एवढ्या मोठ्या उद्योगात सगळ्यात जास्त विचार मागच्याचा केलेला असतो, हे आमच्या पहिल्या नंबरवाल्यांना कुणी सांगितलं तर ते चहा सांडतील.

झेंड्यांचंही तेच. पिवळा झेंडा हलला की पुढं कुणीतरी पडलंय, ओव्हरटेक बंद. लाल झेंडा म्हणजे शर्यतच थांबली. काळ्यावर नारिंगी गोळा आणि तुमचा नंबर दिसला, तर तुमच्या गाडीत काहीतरी बिघडलंय, बाजूला व्हा. निळा झेंडा मला सगळ्यात आवडतो. त्याचा अर्थ, मागून तुमच्यापेक्षा जोरात येणारा आलाय, त्याला वाट द्या. हातभर कापड हलवून एखाद्या तरण्याताठ्या पोराला सांगायचं की बाबा रे, तू हळू आहेस; आणि त्यानं ते ऐकून निमूट एका अंगाला व्हायचं, मान वळवून शिवी द्यायची नाही, पुढच्या वळणावर आडवं घालायचं नाही. निळा झेंडा जिंतूर–मंठा रस्त्यावर एकदा फडकवून बघावा. फडकवणाऱ्यानं मात्र हेल्मेट घालावं.

पण खरी गंमत घड्याळाची. गाडीला एक डबी लावतात, ट्रान्सपाँडर. प्रत्येक फेरीला ती रेषेवरून गेली की वेळ नोंदली जाते. मिनिट, सेकंद आणि पुढं तीन आकडे. पात्रता फेरी संपली की कागद चिकटवतात. समजा, गावात पहिला असलेला आपला गडी त्या कागदावर सतरावा आहे. आधी तो कागद वरून वाचतो. मग पुन्हा वरून वाचतो. तिसऱ्यांदा वाचताना बोट खालून वर जातं. यानंतर सुरू होतं ते कारणांचं वाङ्मय, आणि या प्रांतात मराठवाड्याच्या तोडीस कोणी उतरायचं नाही. ‘‘गाडी पळायली होती, पर टायर थंड होतं.’’ ‘‘मागचं स्प्रॉकेट एक दाता मोठं पायजे होतं.’’ ‘‘म्होरचा मधीच आला न.’’ ही सगळी कारणं ऐकून घेणाऱ्यालाही स्वतःची पाठ असतात, म्हणून कुणी कुणाला खोटं पाडत नाही. मात्र आयोजकांनी यावर एक क्रूर उपाय काढून ठेवलाय, एका कंपनीच्या एकसारख्या गाड्यांची शर्यत. टीव्हीएसची अशी मालिका १९९४ पासून चालू आहे. रॉयल एनफिल्डनं २०२१ मध्ये काँटिनेंटल जीटीची सुरू केली. गाड्या आयोजक देतात, इंजिन तेच, टायर तेच, पेट्रोल तेच. तुम्ही फक्त स्वतःला घेऊन यायचं. म्हणजे बाकी सगळं सारखं केल्यावर जो फरक उरतो तो तुम्ही. गाडीला दोष देण्याचा माणसाचा जो मूलभूत हक्क, तो इथं प्रवेशशुल्क भरून सोडून द्यावा लागतो.

तरी एक कारण उरतं, आणि ते पोटाशी येऊन थांबतं. लहान इंजिनाच्या शर्यतीत चालकाचं वजन हा गमतीचा विषय नाही. गाडी १४० किलोची धरा. तिच्यावर ६० किलोचा पोरगा बसला तर ओढायचे २०० किलो. ९० किलोचा बसला तर २३०. तेवढ्याच ताकदीच्या इंजिनाला पंधरा टक्के जास्त ओझं, म्हणजे वळणातून बाहेर पडताना प्रत्येक वेळी थोडं थोडं मागं. लग्नसराईत पंगती झोडून मे अखेरीला शर्यतीच्या तयारीला लागणाऱ्यानं हा भागाकार करून बघावा. इथं कारण खरं असूनही सांगता येत नाही, ही त्यातली अडचण. ‘‘माझं स्प्रॉकेट चुकलं’’ असं म्हणता येतं, ‘‘माझं जेवण चुकलं’’ असं कोण म्हणेल? मग तो गप्प बसतो. जे घडावं म्हणून एवढा प्रवास केला ते या घटकेला घडलेलं असतं. आता दुसऱ्या दिवशी तो मोठ्या वळणाच्या अलीकडं ब्रेक कुठं लावायचा हे विचारायला सोळाव्या नंबरवाल्याकडं जातो. स्वतःहून, पाण्याची बाटली घेऊन. चारठाण्याच्या हॉटेलात पहिल्या नंबरवाल्यानं दुसऱ्या पहिल्या नंबरवाल्याला कधी काही विचारलेलं आठवतंय का कुणाला? विचारायचंच नसतं तिथं. सतराव्याला विचारता येतं, कारण सोळावा कोण आहे ते त्याला माहीत असतं.

‘‘हे घड्याळबिड्याळ शहरी चोचले आहेत, आपल्याकडच्या माणसाला रुचायचे नाहीत,’’ असा एक आक्षेप येईल. तो मला मुळीच मान्य नाही, कारण घड्याळानं हरणं आपल्याकडं जुनं आहे आणि ते बैलांनी केलेलं आहे. मराठवाडा-विदर्भातला शंकरपट बघा. जोडी सुटते, मैदान कापते, आणि लागलेला वेळ आता सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. रेषेवरचा प्रकाशाचा किरण तुटला की घड्याळ थांबतं. मोठ्या नामांकित जोड्यांचा गट निराळा, गावच्या जोड्यांचा निराळा, म्हणजे नवशिक्यांचा वर्ग आपल्याकडं आधीपासून आहेच. पटात जोडी हरली तर मालक वाईट तोंड करतो, बैलांच्या पाठीवर हात फिरवतो, पुढच्या पटाची तारीख विचारतो. हे हरणं इतकं प्रिय आहे की ते टिकवायला राज्यानं नऊ वर्षं झुंज दिली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा वैध ठरवला. आता बैलाची आधी पशुवैद्यकाकडून तपासणी होते, चाबूक चालत नाही, परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची लागते. थोडक्यात, स्क्रुटिनी झाली, झेंडे आले, घड्याळ आलं. याच भागातला माणूस बैल पळवताना हे सगळं मान्य करतो, आणि त्याचा पोरगा मोटारसायकलला किक मारताना यातलं काहीच नको म्हणतो. बैलांचा दर्जा या बाबतीत पोरापेक्षा वरचा ठरला, हे बैलांना कळत नाही म्हणून बरं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याच्याशी विनोदानं भिडणं बरोबर नाही. हा खेळ जीवघेणा आहे. आहेच. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर १३ वर्षांच्या एका स्पर्धक मुलाचा मृत्यू झाला. सगळी तपासणी, सगळे झेंडे, रुग्णवाहिका असताना झाला. इतक्या लहान मुलांना त्या वेगात उतरवावं का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि जाणत्या माणसांचा निर्णय त्यांचा असला तरी लेकरांचा निर्णय मोठ्यांच्या हौसेवर सोडू नये. पण धोक्याचा मुद्दा काढणाऱ्यांनी दुसऱ्या पारड्यातही बघावं. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांच्या वर. ट्रॅकवर धोका असतो म्हणून पोरगं घरी थांबत नसतं, ते येलदरीच्या रस्त्याला लागतं. ट्रॅकच्या वळणाबाहेर मोकळी जागा राखलेली असते, समोरून कुणी येत नाही आणि डांबर झाडलेलं असतं. आपल्या वळणाबाहेर बाभळ असते, समोरून उसाची ट्रॉली, आणि डांबरावर ऑक्टोबरात सोयाबीनची गुळी. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून शेतातली काळी माती रस्त्यावर येते, तिच्यावर पाणी पडलं की पायी चालणाऱ्याचे हाल होतात. गाडी ४५ अंशांत झुकवायची तर टायरला जवळपास सगळ्या वजनाइतकीच पकड आडवी लागते. ती पकड गुळीवर कुठून आणणार? गुडघा टेकवून फोटो काढणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, आणि गणिताला फोटोची पर्वा नसते. कायद्याचंही ऐका. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता हे कलम लागू व्हायला आधी शर्यत झाली हे सिद्ध व्हावं लागतं, आणि प्रत्येक आरोपी आपणच पहिला आल्याचं सांगत असेल तर पोलिसांनी पंचनाम्यात लिहायचं तरी काय?

पैशाचा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. लेदरचा सूट, चांगलं हेल्मेट, बूट, हातमोजे, प्रवेशशुल्क, प्रवास, आणि पडलात तर तुटलेल्या भागांचं बिल. कापसाच्या भावाकडं डोळे लावून बसलेल्या घरातून एवढं निघत नाही. हा खेळ खाऊनपिऊन सुखी माणसांचा आहे, असं कुणी म्हटलं तर मान हलवावी लागते. अर्धाच मान्य करतो याचं कारण, वरातीत चार तासांच्या डीजेला आपण किती मोजतो हे विचारल्यावर पुष्कळ आक्षेप घेणारे विषय बदलतात. शिवाय सगळंच काही चेन्नईला नाही. मातीतल्या शर्यतींची परंपरा आपल्या राज्यात नाशिक-पुण्याकडं आहे; नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र अनेकांना ठाऊक असेल. सुपरक्रॉसची व्यावसायिक लीग निघाली तेव्हा तिची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीतच झाली. हे थोडं जवळ आलं. तरी चारठाण्याहून पुणं म्हणजे काही शेजार नाही, आणि सुपरक्रॉसमध्ये गाडी हवेत उडवायची असते, म्हणजे घरच्यांची परवानगी आणखी अवघड.

‘‘पण एवढं करून मिळतं काय?’’ हा सगळ्या आक्षेपांचा आजोबा. उत्तर सोपं आहे. काही मिळत नाही. नवशिक्यांच्या गटात सतराव्याला करंडक नसतो आणि त्याच्यावर कुणी बोली लावत नाही. हा प्रश्न इंग्रजांनाही छळून गेलाय. आयल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून टीटी शर्यत होते. तिच्यात कंपन्यांचे पगारी चालक उतरू लागले, साध्या माणसाला जागा उरेना, म्हणून १९२३ मध्ये खास हौशी मंडळींची निराळी शर्यत काढली. लगेच भांडण सुरू. कोण हौशी? कंपनीनं गाडी स्वस्तात दिली तर हौस बाटली का? हा वाद इतका ताणला गेला की १९३० मध्ये नियम बदलून शर्यतीचं नाव मँक्स ग्रां प्री ठेवलं आणि हौशी हे बिरुद काढून टाकलं. भांडण कशाचं होतं ते बघा. बक्षिसाचं नव्हतं. आपण ज्यांच्याकडून हरलो ते आपल्यासारखेच होते ना, एवढी एकच खात्री लोकांना हवी होती. पगारी माणसाकडून हरण्यात काय मजा? तो त्याचं काम करतोय. वाण्याच्या दुकानात बसणाऱ्याकडून किंवा झेडपीच्या मास्तराकडून सेकंदाच्या दोन दशांशांनी हरणं ही खरी सणसणीत गोष्ट. ती घेऊन माणूस सोमवारी कामावर जातो आणि आठवडाभर त्या दोन दशांशांचा शोध घेत बसतो. वळणात शिरताना सोडले की निघताना? बायकोला वाटतं, याला पगारवाढीची चिंता लागलीय.

म्हणून चारठाण्यासाठी माझी एक सूचना आहे, आणि ती खर्चाची नाही. डांबरी ट्रॅक इथं होणार नाही. ही जुनी हेमाडपंती देवळं, बारव आणि कोरीव दगडी स्तंभ असलेली जागा. तिचं जतन नीट झालं तरी पुष्कळ. पण जपानातून आलेला मोटो जिमखाना नावाचा एक प्रकार आहे. मोठं मोकळं पटांगण घ्यायचं, प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे, त्यांच्यामधून आठाचे आकडे, उलटसुलट वळणं असा मार्ग ठरवायचा, आणि एकेकानं घड्याळाविरुद्ध तो पार करायचा. एका वेळी एकच गाडी, वेग सायकलीपेक्षा थोडासा बरा, पडलं तर कोपर खरचटतं. स्प्लेंडर चालते. घड्याळ नवं घ्यायला नको, शंकरपटवाल्यांकडचं किरणाचं घड्याळ एका दिवसासाठी मागून आणावं. त्याला कुणाचा मेव्हणा ओळखता येत नाही, म्हणून हाती स्टॉपवॉच घेऊन बसणाऱ्या पंचापेक्षा ते बरं. शंकू पाडला तर वेळेत सेकंद वाढवायचे, हे आधीच फळ्यावर लिहून ठेवायचं.

या सूचनेवरचा शेवटचा आक्षेप मलाच दिसतो, आणि तो भक्कम आहे. कुणी येणार नाही. गावात आज चाळीस पहिले नंबर सुखानं नांदत असताना त्यांतल्या एकोणचाळीस जणांनी रविवारी सकाळी आपल्या पायांनी पटांगणावर येऊन आपला नंबर खाली का सोडावा? मला वाटतं, पहिल्या रविवारी चार जण येतील. एक शंकूंची मापं चुकीची आहेत म्हणायला, एक घड्याळ स्लो आहे म्हणायला, एक मोबाइलवर व्हिडिओ काढायला. चौथा दुधाची किटली डेअरीत देऊन परतणारा. मोकळी किटली वाजवत तो शंकूंमधून गाडी घालेल, कारण रोज खड्डे, शेळ्या आणि गतिरोधक चुकवत, दूध सांडू न देता वळायची त्याची सवय वीस वर्षांची. त्याच्या वेळेचा आकडा फळ्यावर लागला की मग हॉटेलातले बाकीचे सदतीस निघतील. घाईत निघतील, हेल्मेट न घालता, आणि म्हणून स्क्रुटिनीवरून परत पाठवले जातील.